जमिनीखालची उष्णता आणि जमिनीखालची साठवण: या संशोधनाबद्दल मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची औसा तालुक्यातली. भूभौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि तेव्हापासून जमिनीखालची उष्णता आणि खडकातली साठवण हेच माझं काम आहे. सुट्टीत गावी आले की ओसरीवर कुणी ना कुणी येऊन बसतं. बारावीचा निकाल हातात घेतलेली मुलगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, नाहीतर "आमच्या पोराला तुमच्या लाइनीत काही होईल का" म्हणणारे काका. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

ताई, तुम्ही नेमकं काय करता?

जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते. ती कुठे, किती आणि कोणत्या खडकातून वर येते हे मोजायचं, आणि त्या खडकात पाणी, वायू किंवा उष्णता साठवता येईल का ते तपासायचं, एवढंच काम. पण हे "एवढंच" माणसाची सगळी उमेद मागतं.

एक दिवस सांगते. रेणापूरकडच्या एका शेतात आबांनी ६०० फूट बोअर मारला होता आणि तो फेल गेला होता. त्यांच्यासाठी तो पैसे गिळलेला खड्डा. माझ्यासाठी आयता तयार झालेला रस्ता. काही वर्षांत त्यात खाली पाणी साचून राहिलं होतं. पहाटे तिवई उभी केली, कप्पीवरून केबल सोडली आणि केबलच्या टोकाला बोटाएवढी तापमानाची सळई. दर पाच मीटरला थांबायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, वहीत लिहायचा, पुन्हा पाच मीटर. वरच्या काही मीटरांत उन्हाळा-हिवाळ्याचा परिणाम असतो, तो सोडून द्यायचा. त्याखाली मात्र आकडा शिस्तीत चढायला लागतो. त्या बोअरमध्ये ६० मीटरपासून १८० मीटरपर्यंत तापमान साधारण तीन अंशांनी वाढलं. सगळं आवरेपर्यंत दुपार झाली. आबांनी विचारलं, "तीन अंशांसाठी एवढा वेळ?" हो, एवढ्यासाठीच. त्या तीन अंशांवरून आणि खडकातून उष्णता किती सहज वाहते यावरून आपल्या पायांखालून दर चौरस मीटरला किती उष्णता वर येते ते काढता येतं. बाकी सगळी गणितं, नकाशे, संगणकावरची मॉडेलं याच आकड्यांवर उभी राहतात.

उरलेला वेळ प्रयोगशाळेत खडकाचे तुकडे कापण्यात, त्यांची उष्णतावाहकता मोजण्यात, झऱ्यांच्या पाण्याचं रसायन तपासण्यात आणि संगणकापुढे जातो. सलग वर्षभर फिल्डवर कुणी नसतं.

"जमिनीत साठवण" म्हणजे काय? टाकी पुरायची का?

ज्यांच्या वाड्यात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, होतं त्यांना हे समजवावं लागत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, आत गवताचं अस्तर, त्यात ज्वारी भरायची आणि वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. दुष्काळात पेव उघडायचं. ज्वारीला एक वास लागायचा, पण दाणा टिकायचा.

तो का टिकायचा? कोंडलेल्या जागेत दाणे श्वास घेत राहतात. हवेतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. म्हणून तर पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आधी झाकण काढून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर आत जायचं नाही. हा नियम न पाळल्यानं माणसं गेली आहेत. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसून राहतो.

आज आम्ही जे प्रश्न सोडवतो ते पेवाचेच आहेत: भिंत धरेल का, झाकण गळेल का, आत काय बदल होईल, आणि उघडताना कुणाचा जीव जाणार नाही ना? फरक इतकाच की आमचं पेव शेकडो मीटर खाली आहे आणि पोकळ नाही. ते म्हणजे खडकातली बारीक छिद्रं आणि भेगा. त्यात पाणी साठवतात, नैसर्गिक वायू साठवतात, उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यासाठी ठेवतात आणि कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड कायमचा पुरतात.

मग लातूर-बीडमध्ये जमिनीतून वीज निघेल का?

या घडीला परवडेल अशी वीज निघणार नाही. हे उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, पण खोटी आशा दाखवून कुणाला या क्षेत्रात आणायचं नाही हे मी पक्कं ठरवलं आहे.

हिशोब सोपा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला. आपल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, जाडी तिथे ३३८ मीटर भरली. त्याखाली फार प्राचीन असा ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. बेसाल्टमध्ये दर किलोमीटरला साधारण २५ अंशांनी तापमान वाढतं. खालचा खडक उष्णता जास्त सहज वाहून नेतो, त्यामुळे तिथे वाढ याहून कमी. वर २७ अंश धरले तरी तीन किलोमीटरवर ७०-८० अंशांच्या आसपासच पोचतो. एवढ्या खोलीचा बोअर कोट्यवधींचा, आणि त्यातून पाणी मिळेलच असंही नाही. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात जमिनीवरच उकळतं पाणी येतं. आइसलँड किंवा केनियाखाली तापलेला, वितळलेला खडक जवळ आहे. मराठवाड्याचं पोट जुनं आणि थंड आहे. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, त्याची उष्णता केव्हाच निघून गेली. "आपल्याखाली ज्वालामुखी आहे" असं कुणी भाषणात म्हणालं तर ते ऐकून सोडून द्या.

पण उनकेश्वरचं पाणी तर गरम आहे!

आहे. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. त्वचेच्या आजारांसाठी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या अंघोळीला जातात. पाणी गरम व्हायला ज्वालामुखी लागत नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल झिरपतं, खालच्या खडकाच्या उष्णतेनं तापतं आणि एखादी मोठी भेग सापडली की थंड व्हायच्या आत भरभर वर येतं. किनवटच्या बाजूला आपल्या काळ्या पाषाणाचं पांघरूण संपत येतं आणि खालचे जुने खडक उघडे पडतात. अशा सीमेवर भेगांचे रस्ते असतात. कोकणातले वज्रेश्वरी, तुरळ, राजापूरचे झरेही साधारण याच पद्धतीनं तापतात, फक्त तिथल्या काही झऱ्यांचं पाणी अधिक कढत.

याच दिशेनं पुढे गेलं की तेलंगणात गोदावरीचं खोरं लागतं. तिथे मणुगुरूला सिंगरेणी कोळसा कंपनीनं बोअरच्या गरम पाण्यावर २० किलोवॉटचा प्रायोगिक वीज संच बसवला आहे. २० किलोवॉट म्हणजे पाच एचपीच्या पाच मोटारी चालतील एवढी वीज. लहान आहे, पण तो आपल्या गोदावरीच्याच खोऱ्यात आहे, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला नांदेडचा भूगोल माहीत असणं हा मोठा फायदा आहे.

किल्लारीसारखा भूकंप तुमच्या बोअरमुळे होणार नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मी तो कधीच झटकून टाकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी तिसरीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला आमच्या माळवदाच्या घरातली भिंत आतल्या अंगाला कलली. आम्ही वाचलो. माझ्या आईच्या माहेरचे सगळे वाचले नाहीत. तो ६.२ तीव्रतेचा भूकंप होता, सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि बहुतेकांना मारलं ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. मी या विषयात आले त्याचं कारण तेच.

आता उत्तर. पाण्यासाठी मारलेल्या बोअरनं भूकंप होत नाही. २००-३०० मीटरचा बोअर हा खडकाला सुई टोचल्यासारखा असतो. भूकंपाची ताणलेली जागा काही किलोमीटर खाली असते. तापमान मोजण्यानं तर काहीच हलत नाही.

पण सगळ्याच कामांबद्दल मी असं म्हणणार नाही. खोल, कोरड्या गरम खडकात मुद्दाम भेगा पाडण्यासाठी फार मोठ्या दाबानं पाणी घातलं जातं तेव्हा भूकंप झाले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराखाली २००६ मध्ये असं काम सुरू असताना ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प बंद करावा लागला. दक्षिण कोरियात पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.५ चा भूकंप झाला, आणि जमिनीखालच्या उष्णतेवरच्या, म्हणजे भूऔष्णिक, प्रकल्पात घातलेल्या पाण्यानं तो चेतवला, असं सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनीच सांगितलं. खाली आधीच ताणलेली भेग असेल तर पाण्याचा दाब तिला मोकळं करतो. आपल्याकडे कोयनेला १९६७ मध्ये ६.३ चा भूकंप झाला. धरणाचं पाणी आणि भूकंप यांचं नातं समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही तिथे येतात. तिथे गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतला आहे आणि कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे. मराठवाड्यात कुणी खोल खडकात दाबानं काही घालायचं ठरवलं, तर त्याआधी कमीत कमी काही वर्षं भूकंपमापकांचं जाळं लावून शांतपणे ऐकावं. किल्लारी जिथे झाली तो भाग त्याआधी सुरक्षित मानला जात होता, हे विसरून चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणीला ४.५ च्या धक्क्यानं लोक घराबाहेर पळाले होते. गावकऱ्यांना हे सगळं आधी सांगणं आमच्या कामाचाच भाग आहे. "तज्ज्ञांवर सोडा" असं ज्या भागात माणसं ढिगाऱ्यातून काढली आहेत तिथे म्हणता येत नाही.

परळीच्या वीज केंद्राच्या चिमणीतला धूर आपल्या काळ्या पाषाणात पुरता येईल का?

फार चांगला प्रश्न, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

विहीर खोदताना मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा खडक, लागतो तो आठवा. त्यातली छिद्रं पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. लहानपणी आम्ही गारगोट्या म्हणून तेच गोळा करायचो. त्यातल्या काही कॅल्साइटच्या असतात. त्यावर सौम्य आम्ल टाकलं की फसफसतं. तो फेस म्हणजे दगडात बंद होऊन बसलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वायूचा दगड करण्याचं काम आपल्या खडकात निसर्गानं आधीच करून ठेवलं आहे.

आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये हेच माणसानं करून पाहिलं. वायू पाण्यात विरघळवला, सोड्याच्या बाटलीसारखा, आणि बेसाल्टमध्ये सोडला. ते आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह विरघळवतं आणि त्यांच्याशी जोडून वायूचा दगड बनतो. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायू दगड झाला होता. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हापासून दख्खनच्या बेसाल्टचं नाव जगभर घेतलं जातं, आणि त्यावर बोलणाऱ्यांचं पेवच फुटलं.

पण जमिनीवर उभं राहून बघू. एक टन वायू विरघळवायला सुमारे २५ टन पाणी लागतं. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा भागात वायू पुरायला पाणी कोण देणार? दुसरी पद्धत आहे: अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे १,००० टन वायू पाण्याशिवाय, दाबून घट्ट केलेल्या रूपात बेसाल्टमध्ये सोडला. पण वायू तसा घट्ट राहायला साधारण ८०० मीटरपेक्षा जास्त खोली हवी. किल्लारीला तर आपला पाषाण ३३८ मीटरवरच संपतो! पश्चिमेकडे जाडी वाढत जाते, कोयनेला ती सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. मधल्या भागात, बीड-संभाजीनगरच्या बाजूला, कुठे किती जाडी आहे आणि तिथली छिद्रं उघडी आहेत की गारगोट्यांनी आधीच बुजली आहेत, हे जागोजागी मोजावं लागेल. शिवाय वर आपल्या विहिरी आहेत. वायू वर सरकून पिण्याच्या पाण्यात गेला तर काय, याचं उत्तर नसेल तर एक किलोही खाली सोडू नये.

एखाद्या मुलाला किंवा मुलीला पीएचडीचा विषय हवा असेल तर माझ्या मते मराठवाड्यात याहून मोठा विषय नाही.

तेलाचे साठे म्हणे जमिनीखाली आहेत. ते इकडे का नाहीत?

विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे खडकात गुहा खोदून देशाचं आणीबाणीचं कच्चं तेल ठेवलं आहे, मिळून ५३.३ लाख टनांची क्षमता. तिथे खडक ग्रॅनाइटच्या जातीचा आणि एकसंध, शिवाय बंदर जवळ. तेल गळत नाही कारण गुहेभोवतीच्या खडकात पाणी मुद्दाम भरलेलं ठेवतात आणि ते पाणी तेलाला आत दाबून धरतं. आपल्या बेसाल्टमध्ये घट्ट थर, मग छिद्रांचा थर, मग लाल गेरूचा थर अशी उतरंड असते. एवढी मोठी गुहा त्यात अवघड. आणि समुद्र तर लांबच.

मग मराठवाड्याला या विद्येचा रोजचा उपयोग काय?

थंडाव्यासाठी! आपण "जमिनीतली ऊर्जा" म्हटलं की वीज शोधतो. पण मे महिन्यात वर ४२ अंश असताना तीन-चार मीटर खालची माती २६-२७ अंशांच्या आसपासच असते. म्हणून तर विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट वाटतं; डिसेंबरच्या पहाटे बोअरच्या पाण्यातून वाफ निघते ती याच कारणानं. या स्थिर तापमानाशी पाइपांनी जोडलेले उष्णतापंप बसवले तर शाळा, दवाखाने, शीतगृहं कमी विजेत थंड ठेवता येतात. नेदरलँड्समध्ये असे हजारो भूजल-साठे आहेत, उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यात वापरणारे. कॅनडात ओकोटोक्स इथे २००७ पासून बरीच वर्षं ५२ घरांनी १४४ बोअरमध्ये उन्हाळ्याचं ऊन साठवून हिवाळा काढला. आपल्याला उलटं करायचं आहे, आणि ते अवघडही आहे, कारण आपल्याकडे थंडीचे दिवस कमी. जमिनीत सोडलेली उष्णता बाहेर निघायला वाव मिळाला नाही तर काही वर्षांत जमीनच तापत जाते. काळ्या मातीत, मुरुमात, पाषाणात उष्णता किती वेगानं पसरते याची मापं यासाठी लागतात. हे काम एखादी एमएस्सीची विद्यार्थिनीही सुरू करू शकते. जालन्याची मोसंबी ठेवायच्या शीतगृहाचं वीजबिल यातून किती कमी होईल, हे मला स्वतःला जाणून घ्यायचं आहे.

शिकायचं काय आणि कुठे?

दारं बरीच आहेत. भूविज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, स्थापत्य, पेट्रोलियम, संगणक यांपैकी कुठूनही आत येता येतं. सरळ वाट अशी: बीएस्सी, मग भूविज्ञान किंवा भूभौतिकशास्त्रात एमएस्सी, मग पीएचडी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, म्हणजे घराजवळही शिकता येतं. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम परीक्षा. मुंबई, खरगपूर, रुरकी, धनबाद इथे हे विषय आहेत. पुढे सीएसआयआर-नेट किंवा गेट या देशपातळीवरच्या परीक्षा. पीएचडीसाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था हे आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण, लातूर-नांदेडहून रात्रीत पोचता येतं. कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या कामासाठी आयआयटी मुंबईत राष्ट्रीय केंद्र आहे.

बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं. संपलं का सगळं?

नाही. भूविज्ञानाच्या बीएस्सीला येता येतं. कोयनेच्या खोल बोअरमधल्या खडकातून सूक्ष्मजीव शोधण्याचं कामही झालं आहे, आणि जमिनीखाली हायड्रोजन साठवायचा तर तो खाणारे जीवाणू हा मोठा प्रश्न आहे. मात्र गणिताची भीती घेऊन येऊ नका. उष्णतेचं समीकरण पुढे कधीतरी गाठतंच. वर्षभर रोज तासभर दिला तर ते जमतं, मी मुलांना जमलेलं पाहिलं आहे.

इंग्रजी कच्चं आहे.

माझंही होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मी. शोधनिबंध इंग्रजीत असतात, त्याला पर्याय नाही. पण ती भाषणाची इंग्रजी नसते, ठरलेल्या दोन-तीन हजार शब्दांची असते. रोज एक पान, शब्दकोश शेजारी, वर्षभर. आणि फिल्डवर मराठीच कामाला येते. "कितव्या फुटाला मांजऱ्या लागला, कितव्याला गेरू, कितव्याला पाणी आणि किती इंच" हे बोअरच्या गाडीवरच्या माणसाला विचारता येणं ही माहिती कुठल्याही उपकरणात मिळत नाही.

पगार किती? घर चालेल का?

नेट परीक्षेतून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्याही आहेत. जाहिरातींवर लक्ष ठेवा, कागदपत्रं, विशेषतः जात-वैधता, आधीच तयार ठेवा. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात आणि त्यानंतरही एक-दोन वर्षं तात्पुरत्या पदावर जातात. तोवर बरोबरीच्या मुलांची घरं बांधून झालेली असतात, हे घरच्यांना आधीच सांगा. सीएसआयआरच्या संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागलात तर मूळ वेतन ६७,७०० पासून. पीएचडी नको असेल तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा द्या: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांची पदं त्यातून भरतात, मूळ वेतन ५६,१०० पासून. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिची कार्यालयं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ओएनजीसीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

फक्त "भूऔष्णिक शास्त्रज्ञ" अशी पाटी असलेल्या जागा देशात थोड्या आहेत. २०२५ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण आणलं, त्यानं दारं उघडतील असं वाटतं. पण निव्वळ धोरणाच्या भरवशावर राहू नका. भूजल, खनिज, तेल-वायू, बोगदे, भूकंप यांतलं एक काम हाताशी असू द्या. उष्णता मोजणारा माणूस या सगळीकडे लागतो.

मुलीला रानावनात पाठवायचं का?

आईवडिलांचा प्रश्न असतो, आणि काळजी खोटी नसते. फिल्डवर सोय नसते. एका कामावर आठ तास आसपास संडास नव्हता, आणि ज्यांच्यावर व्यवस्थेची जबाबदारी होती त्यांना ते सुचलंही नव्हतं. तेव्हापासून कामाला निघण्याआधी मी हे लेखी विचारते, आणि माझ्या हाताखालच्या मुलींनाही विचारायला लावते. दोघींनी मिळून जावं, गावातल्या एका घराशी ओळख करून ठेवावी. खरं सांगते, ज्या घरची मावशी तुम्हाला भाकरी देते त्या गावात मोजमाप निर्धास्त होतं. काम मुलींना झेपतं का हा प्रश्न राहिलेलाच नाही.

काम फसलं तर?

फसतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक बोअर खोदून झाल्यावर सहाव्या दिवशीच त्याचं तापमान मोजलं. खोदताना घातलेलं पाणी आणि घर्षण यांनी बोअरचं तापमान बिघडलेलं असतं, ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मला ते पुस्तकात माहीत होतं. घाईत मी थांबले नाही. त्या आकड्यांवर आठ महिने गणितं केली. मग पुन्हा मोजलं तेव्हा उतारच वेगळा आला आणि सगळं फेकावं लागलं. माझ्या मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "पहिली वही जपून ठेवलीस ना?" ठेवली होती. चुकीचा आकडा खोडायचा नाही, त्याच्यापुढे तारीख आणि कारण लिहायचं, ही सवय तेव्हाची.

मराठवाड्यात राहून हे करता येईल का?

पूर्ण वेळ संशोधन करायचं तर आज तरी हैदराबाद, मुंबई, कराड किंवा परदेश. प्राध्यापक झालात तर इथे राहून करता येतं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहते आहे, तिला जमिनीच्या बारीकशा थरथरीचंही मोजमाप लागणार, त्यामुळे भूभौतिकीच्या मुलांनी तिकडे लक्ष ठेवावं.

मी अजून कॉलेजात आहे. आत्ता लगेच काय करू?

विहिरीचं तापमान मोजा. एक साधा प्रयोगशाळेतला थर्मामीटर, एक जाड काचेची बाटली, भोवती गोणपाट, खाली वजनाला दगड आणि दर मीटरला गाठ मारलेली दोरी. बाटली रिकामी पण बूच सैल लावून सोडायची, बुचालाही वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर गेली की झटका देऊन बूच काढायचं, बाटली भरू द्यायची, दहा मिनिटं तिथेच धरायची, मग वर ओढून लगेच थर्मामीटर घालायचा. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, खोली, तापमान, आणि त्या दिवशी मोटार चालू होती का, हे सगळं लिहा. महिन्यातून एकदा, वर्षभर. एकाच गावातल्या तीन विहिरी घेतल्यात तर आणखी बरं. कठड्यावर एकट्यानं वाकू नका, सोबत कुणाला तरी न्या. आणि बंद पडलेल्या जुन्या विहिरीत किंवा पेवात काही पडलं तरी खाली उतरू नका.

वही भरली की मला दाखवायला घेऊन या. मी दिवाळीत आणि मे महिन्यात गावी असते.